काजलला दिवस गेले नव्हते

पऱ्हाटी फुटली की सगळ्या गावाला आनंद होतो, मला धाकधूक होते. काल वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून पाहिलं, खालची बोंडं उकलायला लागलीत, तुरीच्या ओळीत कुठे कुठे पिवळं दिसतंय आणि सकाळच्या वाऱ्याला तो ओलसर हिरवट वास आहे, जो दसऱ्याच्या आसपासच येतो. आमचे हे म्हणाले, "वेचाले बाया सांगा लागते आता." मी हो म्हटलं आणि घरात येऊन डबे पुसत बसले. काळजी लागली की मी डबे पुसते. ह्यांना ते ठाऊक आहे. ते डब्यांकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात, आणि चहा स्वतःच टाकतात.

आता कुणी म्हणेल, कापूस फुटल्यावर काळजी कसली? कापसाच्या भावाची असेल. भावाची काळजी करायला पारावर पुरेशी माणसं बसलेली असतात, तिथे माझी गरज नाही. माझी काळजी ट्रकची आहे.

आमचं गाव दारव्हा आणि दिग्रसच्या मधलं. नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. त्यांची वावरं आणि आमची वावरं एकमेकांना लागून, पण आमची काळी, त्यांची बरीचशी मुरमाड. मुरमाड जमिनीतला कापूस लवकर आटोपतो. मग दिवाळीच्या सुमारास तांड्यावर ट्रक येतात आणि जोड्या ऊसतोडीला जातात, पार खाली कर्नाटकाच्या सीमेपर्यंत. जोडी म्हणजे नवरा-बायको. दोघं मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादमाला नको असतो. म्हणून पोराचं लग्न लवकर उरकतात, आणि पोराचं लवकर म्हणजे पोरीचं त्याहून लवकर. आम्हीही फार शहाणे आहोत अशातला भाग नाही. माझं लग्न झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि सासरी जाताना ट्रंकेत सागरगोटे घेऊन गेले होते.

तर त्या तांड्यातल्या आणि आमच्या गावातल्या लहान लहान सुना माझ्या वावरात वेचायला येतात. पंधरा-सोळाव्या वर्षी आलेल्या. कपाळावर कुंकू मोठं, गळ्यातली पोत नवी कोरी, आणि त्यातली एक, दुर्गा, ती तर बोलायच्या आधी अजून शाळेतल्यासारखा हात वर करायची. काही वर्षांपूर्वी दारव्ह्याच्या एका संस्थेची प्रियंकाताई या पोरींसाठी गट काढायचा म्हणून माझ्याकडे आली. ओसरीवर सतरंजी अंथरली, खारे शेंगदाणे भाजले, आणि एकही पोरगी आली नाही. सासवा सोडतील तर ना! मी म्हटलं, अगं बाई, सून घरातून दोनच कामांना सुटते, पाण्याला आणि वेचायला. तुझी बैठक वावरात घे.

मग प्रियंकाताईनं कंबरेला कापसाची ओटी बांधली आणि पोरींबरोबर पात धरली, म्हणजे वेचायला एक ओळ घेतली. तिचं वेचणं म्हणजे नुसती गंमत. ओटीत कापूस कमी, पाचोळा जास्त. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघाली. दुर्गा म्हणाली, "ताई, तुमी फक्त बोला, कापूस आमी पाह्यतो." आणि खरंच ती बोलत गेली. पाळी कशी येते, रक्त कमी म्हणजे काय, दोन लेकरांत अंतर का हवं, नवऱ्याशी हे कसं बोलायचं. झाडांच्या ओळी कमरेएवढ्या, तुरी डोक्याएवढ्या. धुऱ्यावरून बघणाऱ्याला वाटावं, बाया खाली वाकून कामच करताहेत. माझ्या वावरात त्या वर्षी जितकं हसू झालं तितकं गावच्या लग्नांत होत नाही.

गट म्हटला की बचत आली. पण साठवायचं कशातून? वेचणीची मजुरी सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात जाते. किडकी, पिवळी पडलेली बोंडं मात्र, ज्याला आम्ही कवडी म्हणतो, ती आमच्या वावरात वेचणारीचीच. माझ्या सासूच्या वेळेपासूनची रीत आहे ही. कवडीकडे कुणाचं लक्ष नसतं. पोरींनी ती एकत्र करून विकायला सुरुवात केली आणि डबा भरत गेला. डबा माझ्या घरी, किल्ली दुर्गाकडे. त्यातून दवाखान्याच्या जीपचं भाडं निघायचं, कुणाच्या रक्ताच्या गोळ्या यायच्या, एकीची राहिलेली बारावीची फी भरली. डबा लहानच होता. पण त्यावर कुणाच्या सासूचा हात नव्हता.

काजल त्या पोरींतली. उमरखेडकडची, सोळाव्या वर्षी तांड्यावर आली. सोनाबाईच्या एकुलत्या एका पोराची, अविनाशची बायको. पहिल्याच हंगामात पोटुशी असताना कोयत्यावर गेली आणि सहाव्या महिन्यात उसाच्या फडातच सगळं वाहून गेलं. अविनाशनं तिला उचलून सडकेपर्यंत आणलं, म्हणून जीव तरी राहिला. गुढीपाडव्याला परत आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. ओठ पांढरे, नखं पांढरी, चार पावलं चालली की बसायची. आणि वय किती? अठरावं लागलं होतं.

तालुक्याच्या दवाखान्यात मी आणि प्रियंकाताई तिला आणि अविनाशला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, "आता दोन-तीन वर्षं लेकरू नको. अंगात रक्तच नाही. लगेच राहिलं तर मी आईची खात्री देत नाही." अविनाश भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मंग नोको. मले हे पायजे." आणि काजलकडे बोट दाखवलं. मला त्या पोराचा तेव्हा फार लोभ वाटला. तीन महिन्यांतून एकदा घ्यायची सुई ठरली. पहिली त्याच दिवशी टोचली.

सासूला सांगायची हिंमत मात्र दोघांची मिळूनही झाली नाही. का, ते सांगते. शेजारच्या तांड्यात एका सुनेच्या पेटीत गोळ्यांचं पाकीट सापडलं होतं. तिला माहेरी नेऊन बसवलं, ती अजून तिथेच आहे. आणि सोनाबाई म्हणजे काही मऊ प्रकरण नाही. वीस-बावीस हंगाम ऊस तोडून गुडघे गेलेली, आवाज असा की नाल्याच्या अलीकडे ऐकू यावा. तांड्यात तिच्या शब्दापुढे जायची कुणाची छाती नाही. एकच मुलगा, नातवाची आस लागलेली. तिला कळलं तर सुई बंद, किंवा काजल बंद. सुई बंद झाली तर पुढचं लेकरू, आणि पुढचं लेकरू म्हणजे काय, ते डॉक्टरीणबाई बोलून बसल्या होत्या. माझी झोप तिथून उडाली ती उडालीच.

त्या सुईनं हळूहळू पाळी थांबते. प्रियंकाताईनं हे सांगितलं होतं. पोरींनी ऐकलं होतं, मी ऐकलं होतं. दुर्गा म्हणालीसुद्धा, "बरं झालं बाप्पा, कटकट गेली." एवढ्या आम्ही बाया, पण एकीच्याही डोक्यात आलं नाही की ज्या घरात त्या चार दिवसांत सून पाण्याच्या हंड्याला शिवत नाही, देवापुढे जात नाही, त्या घरात ते चार दिवस सगळ्यांना माहीत असतात. सासूला तर तोंडपाठ. श्रावणात सून दूर बसली नाही, सोनाबाईनं पाहिलं. भादव्यात बसली नाही, तेही पाहिलं. बोलली नाही. मनातल्या मनात मांडे खात राहिली.

आणि मग माझ्या वावरात सीतादही आलं. वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे करतात. पऱ्हाटीखाली पाच खडे मांडायचे, त्यांना हळद-कुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पहिल्या बोंडाचा धागा काढून झाडाला गुंडाळायचा आणि मगच पात धरायची. पूजा लेकुरवाळीनं करायची, नाहीतर पोटुशीनं. त्या दिवशी सोनाबाई गुडघा धरत धरत स्वतः वावरात आली. नवं लुगडं नेसली होती. मला म्हणाली, "काकू, आज पूजा माह्या सुनेच्या हातून झाली पायजे."

"काहून?" मी विचारलं.

"काहून काय इचारता! तिसरा लागून राह्यला तिले. तुमच्या वावरात रोज येते अन् तुमालेच मालूम नाई?"

मी काजलकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. हातातला दहीभात घट्ट धरून ती तशीच उभी राहिली, चेहरा असा की आता रडते की हसते कळेना. बाकीच्या पोरी एकदम पऱ्हाटीत वाकल्या. मी तोंड उघडलं आणि तोंडातून काय निघालं? "बरं झालं बाई." काजलनं पूजा केली. गुंडाळताना धागा दोनदा तुटला. सोनाबाई म्हणाली, "होते असं पैल्या पैल्यानं," आणि स्वतःच्या हातानं तिचा पदर सारखा केला.

पुढचे दिवस काजलच्या घरी सणाचे होते आणि माझ्या घरी डबे पुसायचे. सोनाबाई तिला बादली उचलू देईना. सकाळी गुळाची लापशी, वर तूप. दुपारी डोक्याला तेल. तांड्यावर सरकारी दवाखान्याचं काम बघणारी आशाताई आमच्यातलीच होती, तिला कुणी विचारलं की ती "पाहू, तपासू" म्हणून पुढे सटकायची. वेचायला तेवढं सोडायची, माझ्या शेजारी म्हणून; तेव्हा काजल पात धरून माझ्याजवळ यायची आणि हळूच सांगायची, "काकू, काल याडीनं मले आपल्या ताटातलं देलं." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. सासूला ती याडीच म्हणते. "माह्या मायनंबी इतकं नाई केलं वो. रडू येते मले खाताना." मी म्हणायची, खा बाई, रडत रडत खा, पण खा. लाड चुकून होत असले तरी तूप काही खोटं नव्हतं. तिच्या ओठांवर जरा रंग यायला लागला होता. तेवढं एक बरं बघायचं आणि बाकी सगळ्याची भीती बाळगायची, असा तो महिना गेला.

कारण हे किती दिवस चालणार? पोट काही नुसतं बोलून दिसत नाही. एक दिवस धुऱ्यावर भाकरी खाताना दुर्गानं हात वर केला. "काकू, म्या काय म्हंतो, पडलं म्हणून सांगून देऊ. कोणाले काय समजते?" मलाही क्षणभर पटलं, खोटं कशाला बोलू. काजलनं भाकरी खाली ठेवली. म्हणाली, "नाई. एकडाव खरंच पडलं माह्यं. आता खोटं पाडू काय?" ठेचा तिखट होता, सगळ्यांनी त्याच्या नावानं डोळे पुसले.

दसऱ्यानंतर तिसरी सुई होती. ती चुकवून चालणार नव्हतं, आणि जायच्या सकाळी बघते तर जीपमध्ये काजलशेजारी सोनाबाई बसलेली. "तपासाले मीबी येतो. मांगच्या खेपेले कोणी तपासलं नाई, म्हणून तसं झालं." जीपमध्ये माणसं कोंबलेली, रस्त्यात खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्याला सोनाबाई काजलच्या पोटावर आडवा हात धरते आणि ड्रायव्हरला शिव्या घालते. "हळू रे मुर्दाडा, पोटुशी हाय आत!" सगळी जीप काजलकडे कौतुकानं पाहते. मला वाटलं, मी खिडकीतून उडी टाकावी.

दवाखान्यात मी आधी आत शिरून नर्सबाईंना खूण केली. सासूला बाहेर बाकावर बसवलं. काजल सुई घेऊन दंड धरत बाहेर आली, तर सोनाबाई खूश. "धनुर्वाताची देली ना? चांगली असते थे." आणि तिनं सुनेच्या दंडावरचा कापसाचा बोळा स्वतःच्या अंगठ्यानं दाबून धरला. बराच वेळ धरला. ज्या सुईनं तिच्या घरात लेकरू येणार नव्हतं, तिच्या जागी ती अंगठा दाबून बसली होती आणि मला सांगत होती, मुलगा झाला तर काय नाव ठेवायचं आणि मुलगी झाली तरी तिला चालेल म्हणून. मी पाणी प्यायला जाते म्हणून उठले ते नळापाशीच उभी राहिले.

इथे एक सांगून टाकते. काजल आज आहे, चांगली आहे. दर हंगामात तिची पात माझ्या शेजारीच असते आणि ती माझ्यापेक्षा झरझर वेचते. तुमचा जीव उगाच टांगणीला ठेवायचा मला शौक नाही. माझा टांगला होता तेवढा पुरे. पण त्या दिवसांत आम्हाला हे पुढचं कुठे दिसत होतं? आम्हाला दिसत होती जवळ येणारी दिवाळी आणि तिच्यामागून येणारा ट्रक.

आता मी वेडी, मला वाटत होतं की ट्रकचं संकट तरी टळलं. पोटुशी म्हणून काजल घरी राहील, तूप खाईल, संक्रांतीच्या सुमाराला चौथी सुई घेईल. आणि एके दुपारी सोनाबाई ओसरीवर येऊन बसली. पाय पसरले, गुडघ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "काकू, काजलवर ध्यान ठेवजा. मी जातो कोयत्यावर."

"तुमी? या गुडघ्यांनी?"

"मंग? मुकादमाले जोडी सांगतली हाय. अविनाश एकटा गेला तर त्याले कोण घेते? पोटुशी पोट्टी पुन्हा फडात धाडू काय? एकडाव धाडली अन् काय झालं, मालूम हाय ना. तवा मीच म्हटलं होतं, काई होत नाई, आमीबी असेच गेलतो." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "झोपेत दिसते मले थे लेकरू."

तोपर्यंत माझ्या मनात सोनाबाई म्हणजे ज्याच्यापासून काजलला वाचवायचं ते संकट. आता ते संकट माझ्या ओसरीवर बसून आपले मोडके गुडघे चोळत होतं. खरं सांगावं तर काजलची सुई गेली, कदाचित घरही गेलं. न सांगावं तर ही बाई पहाटेच्या दवात, उसाच्या पात्यांत, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणार, आणि कशासाठी, तर जे पोटात नाहीच त्याच्यासाठी. मला दोन्हीकडून बोचत होतं. संध्याकाळी काजल आली तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, "मी सांगणार नाही. सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. जीव तुझा आहे." ती म्हणाली, "अन् गुडघे त्याईचे हायेत, काकू."

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतच नाहीत. दिवाळी झाली. फराळाचं काय केलं, कुणाला दिलं, काही आठवत नाही. एक आठवतं, पोरींनी डबा उघडला आणि काजलच्या संक्रांतीच्या सुईसाठी, जीपसाठी, गोळ्यांसाठी पैसे काढून माझ्या कमरेच्या पिशवीत बांधून दिले. दुर्गा म्हणाली, "तुमच्यापाशीच राहू द्या, याडीच्या हाताले नाई लागले पायजे."

ट्रक सकाळी आला. तांड्याच्या तोंडाशी, मोठ्या कडुनिंबाखाली. धुक्याची धुई अजून विरायची होती. भांडी, गोधड्या, शेळ्या, चुलीची लाकडं, कोंबड्यांची टोपली, सगळं वर चढत होतं. लहान लेकरं रडत होती, म्हाताऱ्या राहणाऱ्यांना सूचना देत होत्या, मुकादम घाई करत होता. सोनाबाईला दोन बायांनी खालून ढकललं, अविनाशनं वरून ओढलं. गुडघा दुमडताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी अजून विसरले नाही. ती फळीला टेकून बसली, कोयता मांडीवर ठेवला आणि सुनेला वरून सांगायला लागली. जड उचलजो नोको. उन्हात वेचाले जाजो नोको. काकूचं आयकजो.

काजल ट्रकच्या चाकावर पाय देऊन वर चढली. मला वाटलं, पाया पडायला चढली असेल. ती सासूच्या कानाशी वाकली आणि बोलली. मी खालीच उभी होते, मला ऐकू आलं. "याडी, उतर. माह्या पोटात काई नाई. मी लेकरू राहू नाई म्हणून सुई घेतो. डॉक्टरीण म्हणे, आता राह्यलं तर मी मरतो."

सोनाबाईनं आधी तिच्याकडे पाहिलंच नाही. अविनाशकडे पाहिलं. "तुले मालूम होतं?" त्यानं मान खाली घातली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमालेबी?" मी हो म्हटलं. मला वाटलं, आता हिचा तो नाल्याच्या अलीकडे ऐकू येणारा आवाज फुटेल आणि सगळा तांडा गोळा होईल. तिनं आवाज केला नाही. नुसती म्हणाली, "उतरवा मले."

आम्ही तिला उतरवलं. ती जमिनीवर उभी राहिली, पदर झटकला, आणि हातातला कोयता काजलपुढे धरला.

"मंग चढ."

दुसरा काही मार्गच नव्हता. जोडी सांगितलेली, ट्रक उभा, पोटात काही नाही तर जाणारी सून ठरलेली. काजलनं कोयता घेतला. तिच्या अंगावर नेसत्या लुगड्याशिवाय काही नव्हतं, कुणीतरी घरातून तिची पिशवी आणून वर टाकली. मी कमरेची पिशवी सोडून तिच्या हातात कोंबली. म्हटलं, "तिथे सरकारी दवाखाना असेल. संक्रांत लागायच्या आत जा. अविनाश, ऐकतोस ना रे?" तो हो हो म्हणत होता. पण मुकादम सुट्टी देईल का, फडापासून दवाखाना किती लांब असेल, तिथे तिची बोली कुणाला कळेल का, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम गरगरत होतं. एवढा महिनाभर जे वाचवायला धडपडलो, तेच फळीवर बसून निघालं होतं. काजल हसायचा प्रयत्न करत होती. ओठ पुन्हा पांढरे दिसत होते, की ती धुई होती, कोण जाणे.

सोनाबाई आमच्याकडे पाठ करून उभी होती. मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले, तर तिनं तो झटकला. ट्रक सुरू झाला. बायांनी फळीवरून हात हलवले. कुणी रडलं, कुणी ओरडून निरोप घेतले. ट्रक कडुनिंबाखालून निघून सडकेच्या वळणाला लागला, तरी ही बाई वळेना.

आणि मग ती वळली. लंगडत, गुडघा धरत, ट्रकमागे चार पावलं गेली. तांड्यातली सगळी माणसं तिथेच उभी होती, बाप्ये, म्हाताऱ्या, लेकरं, तांड्याचा मुखिया नायक. मी, पोरींनी, डॉक्टरीणबाईंनी, आशाताईनं जे महिनोन्‌महिने ओठांआड धरून ठेवलं होतं, ते तिनं त्या सगळ्यांसमोर, नाल्याच्या अलीकडे ऐकू जाईल अशा आपल्या आवाजात ओरडून सांगितलं:

"काजल! सुई चुकवजो नोको वं!"